पावसाचा दिवस, एक चूल, 14 वेळा उठबस: गार्फान्यानातल्या घराच्या नोंदी

इटलीतल्या तोस्काना (टस्कनी) प्रांताच्या उत्तरेला, लुक्का जिल्ह्यात, सेर्किओ नदीच्या वरच्या खोऱ्याला गार्फान्याना म्हणतात. एका अंगाला अपुआन आल्प्स, दुसऱ्या अंगाला अपेनाइन. समुद्रावरून येणारे ढग आधी अपुआनला अडतात, त्यामुळे तोस्कानातला सर्वांत जास्त पाऊस याच पट्ट्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झड लागते. कोकणासारखीच संततधार, पण पाणी गार, आणि 55 सेंटीमीटर जाडीच्या दगडी भिंती एकदा थंडावल्या की तीन दिवस तापत नाहीत.

काम असं ठरवलं: झडीचा एक पूर्ण दिवस, सकाळी 7 ते रात्री 10, घरात निवांत काढायचा. ऊब, तिन्ही वेळचं खाणं, ओले कपडे, सगळं एकाच लाकडाच्या चुलीवर. इथे तिला 'कुचिना एकोनोमिका' म्हणतात: बिडाचा तवा, बाजूला जाळाची पेटी, पोटात भट्टी. विजेवर भिस्त ठेवायची नाही, कारण जोडणी 3 किलोवॉटची. विजेची भट्टी 2.2, गीझर 1.2, त्यात कोणी किटली लावली की मीटरचा खटका पडतो. आणि मीटर आहे अंगणाच्या टोकाला.

निवांतपणा मोजायला एकच माप धरलं: चुलीसाठी, गळतीसाठी किंवा भांड्यासाठी खुर्चीतून किती वेळा उठावं लागलं. दारामागे पाटी, प्रत्येक वेळी एक रेघ.

4 ऑक्टोबर. कोरडं. छप्पर आणि पन्हळ. 5 तास.

छप्पर इथल्या पद्धतीचं: चेस्टनटचे वासे, त्यावर भाजक्या विटांच्या पातळ फरश्या, वर कौलं. कौलं म्हणजे 'कोप्पि', आपल्या नळीच्या कौलांसारखीच अर्धगोल, फक्त लांब आणि जड. पन्हळीत चेस्टनटची पानं आणि काटेरी टरफलं दाबून बसली होती, दोन बादल्या निघाली. टरफलांना रबरी हातमोजे पुरत नाहीत, चामड्याचे घाला. उतरत्या नळाच्या तोंडाला जाळीचा गोळा बसवला.

चूक: शिडी लावलीच होती, तरी धुरांड्यामागची कौलं पाहिली नाहीत. खालून ठीक दिसत होती. याची किंमत 2 नोव्हेंबरला मोजली.

8 ऑक्टोबर. लाकूड.

लाकूड इथे क्विंटलवर मिळतं. 10 क्विंटल ओक आणि बीच, 17 युरोने. विकणाऱ्याने 'वाळलेलं' म्हणून दिलं. ओल मोजायच्या यंत्राने बाहेरून 17 टक्के दाखवले, म्हणून निर्धास्तपणे रचून ठेवलं.

11 ऑक्टोबर. धुरांडं आणि चूल. 4 तास, शिवाय धुरांडंवाल्याचा एक तास.

धुरांडंवाल्याने 15 सेंटीमीटरच्या नळीतून अर्धी बादली काजळी काढली. आपल्याकडचं काम चुलीच्या आतलं. तव्याच्या कडेच्या पट्ट्या उचलल्या तेव्हा भट्टीच्या डोक्यावर दीड सेंटीमीटर राख बसलेली दिसली. या चुलीत धूर भट्टीवरून जातो, बाजूने उतरतो, खालून फिरतो आणि मग वर चढतो. वरची राख आणि तळाची काजळी भट्टीला गोधडीसारखी गुंडाळून टाकते. जाळ कितीही घाला, आतलं पीठ कच्चंच राहतं. तळाच्या छोट्या झाकणातून लांब दांड्याच्या खरवडणीने खरवडलं. त्याआधी भट्टी 130 अंशांवर अडायची, नंतर 190 पर्यंत गेली. भट्टीच्या दारावरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका, तो 30 अंश जास्त दाखवत होता. आत ठेवायचं तापमापक 8 युरोला मिळतं.

जाळाच्या दाराची फट बुजवणारी दोरी चपटी झाली होती. 10 मिलिमीटरची नवी काचतंतूची दोरी, अडीच मीटर, सिलिकेट गोंदाने बसवली. दोरी ताणून बसवू नका. तापल्यावर आखडते आणि सांध्यावर फट पडते. पहिली ताणून बसली होती, उखडून पुन्हा केली, एक तास वाया.

खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवला. हे ऐच्छिक नाही.

19 ऑक्टोबर. पहिली झड. उठबस 43.

फजिती. बाहेर 15 अंश, आत 17, वारा नैऋत्येचा, हवा कुंद. पेटवलं आणि सगळा धूर खोलीत. धुरांडं ओढतं ते आतल्या-बाहेरच्या हवेतल्या फरकामुळे. दोन अंशांच्या फरकावर थंड नळी काही ओढत नाही. त्यात बगलेचा दांडा (धूर थेट वर सोडायचा की भट्टीभोवती फिरवायचा ते ठरवणारा) पाचव्या मिनिटालाच भट्टीकडे वळवला. गजर वाजला, खिडक्या उघडल्या, खोली पुन्हा 16.

जाळ धरल्यावरही लाकूड सुसू करत होतं, टोकांना फेस. दिवसभरात 31 किलो जाळलं, खोली 18.5 च्या वर गेली नाही. भट्टी वापरताच आली नाही, ब्रेड-चीजवर दिवस काढला.

20 ऑक्टोबर. का झालं ते.

कालच्या ढिगातला एक ओंडका मधोमध फोडला आणि ताज्या फाळीवर यंत्राच्या सुया टोचल्या: 29 टक्के. बाहेरची साल उन्हाने वाळलेली, गाभा हिरवा. ओल नेहमी फोडलेल्या ताज्या अंगावर मोजायची. जाळायला 20 च्या खाली हवी.

उपाय: ओल्या लाकडाच्या मनगटाएवढ्या फाळ्या करून कमानीच्या ओट्यावर रचल्या, दोन ओळींत तळहाताएवढी फट ठेवून. पुढच्या हिवाळ्यासाठी. झडीच्या दिवसांसाठी दोन वर्षं जुनं बीच, 15 टक्क्यांचं, वेगळ्या पेट्यांत, एका पेटीत साधारण 18 किलो. एका दिवसाला एक पेटी, आदल्या संध्याकाळी घरात. चेस्टनटचं लाकूड चुलीत घालायचं तर दार लावूनच, फार तडतडतं.

पेटवायची रीत बदलली:

1. उदबत्ती चुलीच्या दाराशी धरायची. धूर आत ओढला जात असेल तर पेटवा. बाहेर येत असेल तर थांबा.
2. थांबायची वेळ आली तर वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी बोटभर उघडा. उलट बाजूची उघडली तर ती खिडकीच धुरांड्याचं काम करते आणि धूर खोलीत येतो. स्वयंपाकघराचा पंखा बंद.
3. धुरांड्याच्या पायथ्याच्या झाकणात वर्तमानपत्राचे दोन बोळे पेटवून झाकण लावा. नळी तापली की 'हू' असा आवाज येतो.
4. मग चूल पेटवा. बगल 20 ते 25 मिनिटं सरळ, त्यानंतरच भट्टीकडे.

26 ऑक्टोबर. दुसरी झड. उठबस 29.

धूर नाही. 22 किलो लाकूड, खोली 20 अंश. आता चुका स्वयंपाकाच्या.

दुपारचा बेत फारोचं सूप. गार्फान्यानाच्या फारोला 1996 पासून युरोपीय भौगोलिक ओळख आहे, आणि तो आपल्या ओळखीचाच: खपली गहू. एकच जात, ट्रिटिकम डायकोकम. इथे कांडून साफ केलेला मिळतो, 35 मिनिटांत शिजतो. खपली वापरणार असाल तर रात्रभर भिजवा आणि वेळ दुप्पट धरा.

चारजणांसाठी: बोरलोत्ति घेवडा 300 ग्रॅम (रात्रभर भिजवून), फारो 200 ग्रॅम, एक कांदा, एक गाजर, सेलरीची एक काडी, लसूण 3 पाकळ्या, सेज 6 पानं, रोझमेरीची काडी, ऑलिव्ह तेल 4 मोठे चमचे, 2 टोमॅटो. घेवडा वेगळा शिजवायचा, अर्धा घोटून अर्धा अख्खा ठेवायचा, मग भाज्यांच्या परतणीत घालून त्यातच फारो शिजवायचा.

टोमॅटो घेवड्यासोबत सुरुवातीलाच पडला. तीन तासांनी घेवडा खडखडीत. आंबट गेलं की साल मऊ होत नाही, त्यात इथलं झऱ्याचं पाणी चुनखडीचं. शेवटी चिमूटभर खाण्याचा सोडा घालून आणखी दीड तास. जेवण पावणेतीनला.

दुसरी गोष्ट आवर्जून: बोरलोत्ति राजम्याच्याच जातीचा. मंद भट्टीत ठेवण्याआधी दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन मंद आचेवर जात नाही आणि पोट बिघडतं. खळखळून उकळा, पाणी ओता, नवं पाणी घाला, मग मातीच्या भांड्यात भट्टीत.

कपडे: चार किलोचे धुतलेले कपडे चुलीच्या खोलीत टांगले. दोन तासांत आर्द्रता 62 वरून 79. उत्तरेच्या भिंतीवर कपाटामागे घाम. चार किलो कपड्यांतून दोन लिटर पाणी हवेत येतं, ते कुठेतरी बसणारच. आता दोन किलोच टांगतो, चुलीपासून मीटरभर लांब, आणि दर दोन तासांनी समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडतो. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं: हवा बदलते, भिंत थंड होत नाही. कपाट भिंतीपासून 8 सेंटीमीटर पुढे ओढलं.

2 नोव्हेंबर. तिसरी झड. उठबस 31. मागे गेलो.

वारा जोराचा, नैऋत्येचाच. अकराच्या सुमारास टपटप. माळ्यावर डाग खिडकीजवळ, म्हणून सगळं लक्ष खिडकीवर. बादली, टॉवेल, बादली. दुपारी टॉर्च घेऊन वाशाखाली आडवं पडून पाहिलं. पाण्याचा थेंब वाशाच्या खालच्या कडेने सरकत येत होता, मुंगीच्या चालीने, एका गाठीपाशी थबकून जड व्हायचा आणि तिथे पडायचा. उगम तिथून 1.4 मीटर वर, धुरांड्याच्या मागच्या कोपऱ्यात. डाग दिसतो तिथे भोक नसतं; वासा धरून चढत जायचं.

ओल्या छपरावर चढायचं नाही. शेवाळलेली कौलं साबणासारखी असतात. तात्पुरता उपाय: थेंब जिथे उगम पावतो त्याखाली वाशाला सुतळी बांधून तिचं टोक बादलीत सोडलं. पाणी सुतळीवरून मुकाट उतरतं, टपटप थांबते. बादली 12 लिटरची, चार तासांनी भरायची. उठबस निम्मी याच्यामुळेच वाचली.

5 नोव्हेंबर. कोरडं. दुरुस्ती. 3 तास.

धुरांड्यामागे पानांचा बांध तयार झाला होता. पाणी अडून कौलांच्या सांध्यातून उलट चढत होतं. दोन कौलं घसरलेली, एक तडकलेलं. बदलायला जुनीच कौलं घेतली, दीड युरोला एक, सहा. नवी घेतली तर माप थोडं वेगळं येतं आणि शेजारची कौलं नीट बसत नाहीत. फुटलेलं कौल काढायला वरची दोन जराशी उचलून लाकडी पाचर लावायची, खालचं ओढायचं. सिमेंटने चिकटवायचा मोह टाळा. छप्पर हलतं, सिमेंट तडकतं, आणि तडकीतून येणारं पाणी शोधणं जास्त अवघड. धुरांड्यामागच्या तांब्याच्या पत्र्याची कड वर वळवली.

9 नोव्हेंबर. चौथी झड. उठबस 22.

गळती नाही. आजचा वेळ गोडावर गेला, म्हणजे चेस्टनटच्या पिठावर. इथल्या 'फारिना दी नेच्चो'ला 2004 पासून युरोपीय संरक्षित नाव आहे. चेस्टनट 'मेतातो' नावाच्या दोन मजली दगडी कोठीत वाळवतात: खाली चेस्टनटच्याच लाकडाचा मंद विस्तव, वर फळ्यांवर फळं, सुमारे 40 दिवस. म्हणून पिठाला धुराचा वास. नवं पीठ डिसेंबरात येतं. नोव्हेंबरात हाती असतं ते गेल्या वर्षीचं. पिशवी उघडून आधी जिभेवर चिमूट ठेवा. कडवट लागलं तर टाकून द्या, कोणताही मसाला ते झाकत नाही. पहिली पिशवी तशीच निघाली, 500 ग्रॅम गेलं.

कास्तान्याच्चो, म्हणजे या पिठाचा चपटा केक: पीठ 300 ग्रॅम चाळून, पाणी 450 मिलिलिटर थोडं थोडं घालत, मीठ चिमूट, तेल 2 मोठे चमचे, भिजवलेले बेदाणे 60 ग्रॅम, चिलगोजासारख्या पाइनच्या बिया 40 ग्रॅम, वर रोझमेरी. साखर नाही, सोडा नाही. पीठ मुळातच गोड असतं.

पहिला 20 सेंटीमीटरच्या भांड्यात ओतला. थर दोन सेंटीमीटरचा झाला, वर भेगा, आत लापशी. दुसरा 28 च्या थाळ्यात, थर सेंटीमीटरभर, 190 अंशांवर 40 मिनिटं, अर्ध्या वेळाने थाळा फिरवून, कारण जाळाच्या बाजूची कड आधी करपते. वर भेगा पडल्या की झालं. इथे भेग हा दोष नाही, खूण आहे.

संध्याकाळी नेच्चि, म्हणजे चेस्टनटची घावनं. त्याच पिठाचं पातळ, पण घावनापेक्षा दाट पीठ: 250 ग्रॅमला 380 मिलिलिटर पाणी, मीठ. लांब दांड्याच्या दोन लोखंडी चकत्या, 'तेस्ति', तापवून मधे पळीभर पीठ, दाबायचं, दीड मिनिटाने उलटायचं. चकतीवर तेल ओतायचं नाही, अर्धा कापलेला बटाटा तेलात बुडवून फिरवायचा, घावनाच्या तव्यावर कांदा फिरवतात तसा. पहिले तीन चिकटले. चकत्या नुसत्या गरम असून भागत नाही, पाण्याचा थेंब टाकल्यावर गोळी होऊन नाचला पाहिजे. आत ताजा रिकोत्ता (मऊ, पनीरसारखं चीज), गुंडाळी, लगेच खा. गार झाले की कातडं.

लाकूड वाचवायला हवा पूर्ण बंद करून ओंडके धुमसत ठेवले, हीही आजची चूक. दाराची काच काळी, धुरांड्याच्या पायथ्याशी डांबरासारखा चिकटा. थोडं लाकूड, मोकळा जाळ, मग निखारे. पुढचं लाकूड निखाऱ्यांवर. मधला वेळ बीड आणि दगड सांभाळतात.

16 नोव्हेंबर. पाचवी झड. उठबस 14. लाकूड 17 किलो.

हवामानाचा इशारा पिवळा. नारिंगी किंवा लाल असता तर हा प्रयोगच नव्हता. ओढ्याकाठच्या घरांनी त्या दिवशी वरच्या मजल्यावर राहायचं आणि चप्पल नव्हे, बूट हाताशी ठेवायचे.

आदल्या रात्री: लाकडाची पेटी आत, घेवडा भिजत, काटक्या तव्याखालच्या कप्प्यात. सकाळी 6:50 ला राख काढून पेटवणं. 7:15 ला बगल फिरवली आणि त्याच फेरीत कॉफी. मोका (कॉफीची इटालियन किटली) जाळावरच्या कड्यावर ठेवू नका, रबर जळतं आणि कॉफी करपते. तव्याच्या लांबच्या टोकाला, आपण वैलावर ठेवतो तशी, सहा-सात मिनिटं. 8 ला लाकूड आणि घेवड्याची खळखळ उकळी, 8:20 ला तो भट्टीत. 10:15 ला लाकूड, खिडक्या. 11:30 ला परतण आणि घोटलेला घेवडा, 11:50 ला फारो, 12:30 ला वाढणं. टोमॅटो अगदी शेवटी पडला.

1:20 ला लाकूड आणि भांडी. तव्यावरचं पातेलं दिवसभर गरम पाणी देतं, गीझर लागला नाही. त्यानंतर 3:10 पर्यंत कोणी उठलं नाही. पावणेदोन तास. पागोळ्या, चुलीतला निखारा मधूनच खचल्याचा आवाज, खोली 20 अंश, आर्द्रता 61. 3:10 ला लाकूड, 3:40 ला कास्तान्याच्चो आत, 4:20 ला बाहेर. 6 ला लाकूड, खिडक्या. 7:30 ला नेच्चि (एकजण भाजतो, बाकीचे खातात, ही एकच उठबस धरली, यावर घरात मतभेद आहेत). 9:30 ला शेवटची फाळी, आणि उरलेला घेवडा झाकून थंड खोलीत.

खर्च, युरोमध्ये

लाकूड 170, ओल मोजायचं यंत्र 22, धुरांडंवाला 90, वायूचा गजर 35, दोरी आणि गोंद 20, भट्टीचं तापमापक 8, कौलं 9, पन्हळीची जाळी 16, जुन्या बाजारातल्या तेस्ति 25. एकूण 395. खाण्याचा खर्च धरला नाही, तो असाही झालाच असता. वेळ: कोरड्या दिवसांचे 13 तास, त्यातले अंदाजे 4 चुका निस्तरण्यात.

राहिलेलं

बटाट्याचा पाव. इथे पिठात उकडलेला बटाटा मळून करतात, दमट हवेतही चार दिवस मऊ राहतो. पण त्याला 220 अंश लागतात आणि ही भट्टी 190 ला थांबते. अर्ध्या किलोचे दोन छोटे पाव आणि तळाशी तापवलेली विटेची फरशी असं करून पाहायचं आहे. फरशी छपरावरच्या उरलेल्यांतली एक आहे. आधी कोरड्या दिवशी चुलीजवळ दोन दिवस वाळवायची, ओली तापवली तर फुटते.

डिसेंबरात नवं पीठ आलं की नेच्चिचं पाणी पुन्हा मोजावं लागेल, ताजं पीठ कमी पाणी पितं.